हार्ड डिस्कची निगा : डीफ्रॅगचे बटण दाबण्यापूर्वी आणि दाबल्यानंतर

जुना संगणक रेंगाळू लागला की सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘एकदा डीफ्रॅग करून टाका’, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे पुन्हा सलग लावून घ्या. हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. संगणकात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, ती धडधाकट असेल आणि तिच्यावर पुरेशी मोकळी जागा असेल, तरच त्या बटणाचा उपयोग होतो. यांपैकी पहिली अट मोडली तर श्रम वाया जातात. दुसरी मोडली तर साठवलेले सारेच हातचे जाऊ शकते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष डीफ्रॅगपेक्षा त्याआधीच्या तपासणीला अधिक जागा दिली आहे. सूचना विंडोज १० आणि विंडोज ११ डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. पडद्यावर दिसणारी इंग्रजी नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी शोधचौकटीत ती इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागतात.

तुकडे कसे पडतात

विंडोज डिस्कवरची जागा लहान लहान खणांत मोजते. अशा एका खणाला क्लस्टर म्हणतात आणि एनटीएफएस या नेहमीच्या मांडणीत तो सहसा ४ केबीचा असतो. डिस्क नवी असताना फाइल सलग खणांत बसते. पुढे काही फाइली पुसल्या जातात, मधेमधे रिकाम्या जागा पडतात, आणि एखाद्या मोठ्या फाइलीला सलग जागा मिळाली नाही की तिचे तुकडे मिळेल तेथे ठेवले जातात. ईमेलचा साठा किंवा हिशेबाच्या कार्यक्रमाची माहिती यांसारख्या रोज थोड्या थोड्या वाढणाऱ्या फाइलींचे तुकडे तर हमखास पडतात, कारण काल जेथे फाइल संपली होती त्याला लागून असलेला खण आज दुसऱ्याच फाइलीने व्यापलेला असतो.

ग्रंथालयात महाभारताची अठरा पर्वे एका फळीवर न ठेवता अठरा कपाटांत ठेवली, तर एकही पर्व हरवत नाही, कारण कोणते कोठे आहे हे ग्रंथपालाच्या नोंदवहीत लिहिलेले असते. वाचणाऱ्याची पायपीट मात्र वाढते. एनटीएफएसमध्ये या नोंदवहीला मास्टर फाइल टेबल म्हणतात. डीफ्रॅग म्हणजे विखुरलेली पर्वे एका फळीवर आणून नोंदवहीतील पत्ते बदलणे. फाइलीच्या आतील मजकुराला त्यात हात लागत नाही.

ही पायपीट किती, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात आणि हवा तो भाग वाचकाग्राखाली (तबकडीवरचे वाचणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, थांबावे लागते. वाचकाग्र एका वर्तुळावरून दुसऱ्यावर नेण्यास आणखी दहाएक मिलिसेकंद जातात. थोडक्यात, प्रत्येक नव्या तुकड्यामागे सुमारे १५ मिलिसेकंदांचा खर्च येतो. १०० एमबीची फाइल सलग असेल आणि डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचत असेल, तर काम एका सेकंदात होते. तीच फाइल हजार तुकड्यांत विखुरली असेल तर नुसत्या धावपळीतच १५ सेकंद जातात. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर हा खर्च थोडा कमी होतो, इतकेच.

एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारी तबकडीही नाही आणि सरकणारे वाचकाग्रही नाही. तेथे कोणताही खण गाठण्यास मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. म्हणून डीफ्रॅगने मिळणारी गती तेथे जाणवत नाही. उलट फाइली इकडून तिकडे हलवताना होणारे लेखन त्या चिपच्या मर्यादित आयुष्यातून वजा होते.

पहिले काम : डिस्क कोणती आहे ते पाहणे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या पानावर प्रत्येक डिस्कच्या नावाखाली एचडीडी (हार्ड डिस्क) किंवा एसएसडी असे लिहिलेले असते. तेथे ते दिसले नाही तर शोधचौकटीत डीफ्रॅग हा शब्द लिहून डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज ही खिडकी उघडावी आणि मीडिया टाइप हा रकाना वाचावा. हार्ड डिस्क ड्राइव्ह असे लिहिले असेल तर पुढे वाचावे. सॉलिड स्टेट ड्राइव्ह असे लिहिले असेल तर त्या ड्राइव्हपुरते काम येथेच संपले. यूएसबीच्या पेटीत बसवलेली एसएसडी क्वचित हार्ड डिस्क म्हणून दिसते. शंका आल्यास डिस्कचा मॉडेल क्रमांक शोधून खात्री करून घ्यावी.

एका गोष्टीवरून नवख्यांचा गोंधळ उडतो. विंडोजच्या या खिडकीत एसएसडीसमोरही ऑप्टिमाइझ हे बटण असते आणि ते दाबले तरी काही बिघडत नाही, कारण डिस्कचा प्रकार ओळखून विंडोज तेथे ट्रिम नावाचे वेगळे काम करते. पुसलेल्या फाइलींचे खण आता मोकळे आहेत, एवढीच सूचना त्यात एसएसडीला दिली जाते. धोका आहे तो बाहेरून आणलेल्या जुन्या सॉफ्टवेअरचा. त्यातील काहींना हा फरक कळत नाही आणि ती एसएसडीवरही सर्रास फाइली हलवत बसतात.

दुसरे काम : डिस्क आजारी नाही ना

ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे असे माझे मत आहे. डीफ्रॅग म्हणजे डिस्ककडून तासन्‌तास सलग वाचन-लेखन करून घेणे. धडधाकट डिस्कला ते जड जात नाही. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला मात्र तो शेवटचा धक्का ठरू शकतो. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाचा लॅपटॉप फार मंद झाला म्हणून मी तपासणी न करता रात्री डीफ्रॅग लावून झोपलो. डिस्कमधून अधूनमधून टक्‌टक्‌ असा आवाज येत होता, तो मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. सकाळी विंडोज सुरूच झाले नाही, आणि घरातील एका लग्नाची छायाचित्रे त्या डिस्कखेरीज दुसरीकडे कोठेही नव्हती. मंदपणा हे कारण नसून लक्षण होते, हे तेव्हा उशिरा कळले.

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत कार्यक्रम ती नोंद सोप्या रूपात दाखवतो. वरच्या बाजूला गुड, कॉशन किंवा बॅड यांपैकी एक शब्द दिसतो, पण तेवढ्यावर न थांबता खालच्या यादीतील तीन ओळी वाचाव्यात. क्रमांक ०५ ची ओळ खराब झाल्यामुळे बदलून घेतलेले सेक्टर (तबकडीवरचे लहान भाग) मोजते, सी५ ची ओळ वाचता न आल्यामुळे प्रलंबित ठेवलेले सेक्टर मोजते, आणि सी६ ची ओळ दुरुस्त न होऊ शकलेले सेक्टर मोजते. या तिन्हींच्या रॉ व्हॅल्यू (शेवटच्या रकान्यातील मूळ आकडे) शून्य असाव्यात. सी५ किंवा सी६ शून्याहून अधिक असेल तर डीफ्रॅगचा विचार सोडून त्याच क्षणी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. ०५ चा आकडा लहान असून महिनोन्‌महिने तेवढाच राहत असेल तर डिस्क आणखी काही काळ चालते. तो वाढत असेल तर नवी डिस्क आणावी.

प्रकृती ठीक निघाली तरी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत आधी काढून ठेवावी. त्यानंतर नोंदवहीतील चुका तपासाव्यात. फाइल एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, मग टूल्स, मग चेक असे गेल्यास विंडोज फाइलींची मांडणी तपासते. हे आधी करण्याचे कारण असे की, ज्या ड्राइव्हच्या नोंदीत चूक असल्याची खूण विंडोजने करून ठेवली आहे, त्यावर डीफ्रॅग सुरूच होत नाही, आणि नवख्याला त्याचा उलगडा होत नाही.

तिसरे काम : जागा मोकळी करणे

फळ्या लावण्यासाठीही थोडी मोकळी फळी लागते. विंडोजच्या डीफ्रॅगला नीट काम करण्यासाठी ड्राइव्हचा किमान १५ टक्के भाग रिकामा लागतो, म्हणजे ५०० जीबीच्या ड्राइव्हवर ७५ जीबी. त्याहून कमी जागा असली तरी काम सुरू होते, पण अर्धवट राहते.

जागा मोकळी करण्यासाठी प्रथम रिसायकल बिन रिकामी करावी. नंतर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, स्टोरेज आणि टेम्पररी फाइल्स असे जावे. विंडोजची मोठी सुधारित आवृत्ती नुकतीच बसली असेल तर जुन्या आवृत्तीची प्रत येथे कित्येक जीबी अडवून बसलेली आढळते. नवी आवृत्ती नीट चालत असल्याची खात्री झाल्यावर ती काढून टाकावी. या यादीत डाउनलोड्सचाही पर्याय असतो. त्यावर खूण करण्यापूर्वी तो फोल्डर एकदा उघडून पाहावा, कारण अनेकांची बँकेची विवरणपत्रे आणि परीक्षेची प्रवेशपत्रे तेथेच पडलेली असतात. ही साफसफाई डीफ्रॅगच्या आधीच करावी; नंतर केल्यास नीट लावलेल्या फळीत पुन्हा खिंडारे पडतात.

चौथे काम : आधी पाहणी, मग डीफ्रॅग

आता डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज ही खिडकी उघडावी. विंडोज ११ मध्ये ती सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, अॅडव्हान्स्ड स्टोरेज सेटिंग्ज, ड्राइव्ह ऑप्टिमायझेशन या वाटेनेही उघडते. हवा तो ड्राइव्ह निवडून प्रथम अॅनलाइझ हे बटण दाबावे. काही मिनिटांत करंट स्टेटस या रकान्यात किती टक्के भाग विखुरला आहे ते दिसते. आकडा १० टक्क्यांच्या आत असेल तर काही करण्याची गरज नाही, त्याहून अधिक असेल तर डीफ्रॅग करावे, असा ढोबळ नियम ठेवण्यास हरकत नाही. शून्य किंवा एक टक्का दिसत असतानाही ‘करून तर पाहू’ म्हणून बटण दाबण्याची सवय मला निरर्थक वाटते.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. कधी विंडोज शून्य टक्के म्हणते आणि त्याच ड्राइव्हविषयी दुसरे सॉफ्टवेअर १५ किंवा २० टक्के दाखवते. यात बहुधा कोणीच खोटे बोलत नसते. विंडोज ६४ एमबीहून मोठे तुकडे हिशेबातच धरत नाही, आणि त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे : ६४ एमबी वाचण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागत असेल, तर त्यानंतरची १५ मिलिसेकंदांची एक उडी म्हणजे जेमतेम दोन-अडीच टक्क्यांचा फरक. चार जीबीचा चित्रपट दहा तुकड्यांत असला तरी पाहणाऱ्याला ते कधीच जाणवणार नाही. तो आकडा खाली आणण्यासाठी रात्रभर डिस्क राबवण्यात अर्थ नाही.

डीफ्रॅग करायचे ठरले की उघडे कार्यक्रम बंद करावेत, लॅपटॉप चार्जरला जोडावा आणि संगणक मध्येच झोपी जाऊ नये म्हणून पॉवरच्या सेटिंग्जमध्ये स्लीपपुढे नेव्हर निवडावे. मग ऑप्टिमाइझ हे बटण दाबावे. पास १, पास २ असे फेऱ्यांचे आकडे आणि टक्के दिसू लागतात. किती वेळ लागेल हे डिस्कचा आकार, विखुरलेला भाग आणि मोकळी जागा यांवर अवलंबून असते. १ टीबीची बऱ्यापैकी भरलेली डिस्क काही तास घेते, म्हणून हे काम रात्री लावणे सोयीचे. मधूनच आकडा पुढे सरकेनासा झाला तरी घाबरू नये, कारण मोठी फाइल हलवताना तसे होते.

काम मध्येच थांबवावे लागले तर स्टॉप दाबावे. त्यात धोका नाही. विंडोज तुकडा प्रथम नव्या जागी उतरवते आणि त्यानंतरच नोंदवहीतील पत्ता बदलते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी फाइल बहुधा शाबूत राहते. पण ‘बहुधा’ या शब्दावर विसंबून राहू नये. ज्या गावात भारनियमनाची वेळ ठरलेली आहे तेथे ती वेळ टाळूनच काम लावावे, आणि मेजावरच्या संगणकाला यूपीएस असल्यास उत्तम.

काम संपल्यावर दोन गोष्टी दिसू शकतात. पहिली म्हणजे आकडा शून्यावर येत नाही. विंडोज चालू असताना पेजफाइल (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची फाइल), हायबरनेशनची फाइल आणि मास्टर फाइल टेबलचा काही भाग हलवता येत नाही, म्हणून दोन-तीन टक्के उरले तर ते सोडून द्यावे. दुसरी म्हणजे सिस्टिम रिस्टोअरचे, म्हणजे संगणक आधीच्या स्थितीत परत नेण्यासाठी जपलेले, जुने बिंदू नाहीसे झालेले आढळू शकतात. मोठ्या प्रमाणावर फाइली हलल्या की त्या बिंदूंसाठी राखून ठेवलेली जागा भरते आणि जुने बिंदू आपोआप पुसले जातात.

वेळापत्रक

विंडोज ७ पासूनच्या सर्व आवृत्त्या आठवड्यातून एकदा हे काम स्वतःहून करतात. विंडोज ७ मध्ये त्यासाठी बुधवारी पहाटे एकची वेळ ठरलेली होती. विंडोज ८ नंतर संगणक चालू पण रिकामा असताना ते काम उरकले जाते. यातच मेख आहे. दुपारी कामापुरता संगणक सुरू करून काम संपताच तो बंद करणाऱ्यांच्या घरी ही रिकामी वेळ कधी येतच नाही. म्हणून त्याच खिडकीतील लास्ट अॅनलाइझ्ड ऑर ऑप्टिमाइझ्ड (जुन्या आवृत्त्यांत लास्ट रन) या रकान्यातील तारीख पाहावी. ती दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर महिन्यातून एका रात्री संगणक चालू ठेवावा किंवा वर सांगितल्याप्रमाणे हाताने काम करावे. चेंज सेटिंग्जमध्ये वेळापत्रक रोजचे, आठवड्याचे किंवा महिन्याचे ठरवता येते. घरगुती वापराला आठवड्याचे पुरेसे आहे आणि रोजचे कोणालाच लागत नाही.

बाहेरचे सॉफ्टवेअर लागते का

बहुतेकांना लागत नाही. एकेकाळी परिस्थिती वेगळी होती. १९९३ साली एमएस-डॉस ६ बरोबर डीफ्रॅगचा कार्यक्रम आला तेव्हा तो मायक्रोसॉफ्टने सिमँटेककडून घेतला होता. विंडोज ९८ मधील रंगीत चौकोनांची हलती जाळी पाहत तासभर बसणारी एक पिढीच होती. डिस्कवर कोठे काही लिहिले गेले की सारे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई आणि तरीही आम्ही पाहत बसायचो. विंडोज व्हिस्टामध्ये असे चित्र दाखवणेच बंद झाले, आणि ती जाळी पुन्हा पाहता यावी एवढ्यासाठीच काही जण आजही बाहेरचे सॉफ्टवेअर बसवतात, अशी मला शंका आहे.

खरी गरज पडते ती एखादीच फाइल किंवा फोल्डर सलग करायचा असतो तेव्हा. ती सोय विंडोजच्या खिडकीत नाही. डीफ्रॅग्लर या कार्यक्रमात कोणत्या फाइलीचे किती तुकडे आहेत ही यादी दिसते आणि त्यातील निवडक फाइलींवरच काम करता येते. मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेला सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातील कॉन्टिग हा छोटा कार्यक्रमही तेच करतो, पण तो आज्ञेच्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्टमधून) चालवावा लागतो. वर्षानुवर्षे फुगत गेलेली ईमेलची किंवा हिशेबाची एकच फाइल त्रास देत असेल तर संपूर्ण डिस्कऐवजी तिच्यावरच पाच मिनिटे खर्च करणे शहाणपणाचे.

असे सॉफ्टवेअर निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावे आणि बसवताना प्रत्येक पान वाचावे, कारण आधीच खूण केलेल्या चौकटीतून नको असलेले कार्यक्रम शिरतात. ‘तुमच्या संगणकात ८०० दोष सापडले’ असे लाल अक्षरांत ओरडून पैसे मागणारे कार्यक्रम सरळ काढून टाकावेत. डीफ्रॅग करणारे दोन कार्यक्रम एकाच वेळी आपोआप चालतील असेही ठेवू नये. प्रत्येकाची मांडणीची पद्धत निराळी असते; एकाने लावलेले दुसरा उलटेपालटे करतो.

पोर्टेबल हार्ड डिस्क

पाठीराखी प्रत म्हणून वापरली जाणारी पोर्टेबल डिस्क बहुधा एकदा लिहून ठेवून दिलेली असते, म्हणून तिला डीफ्रॅगची गरज क्वचितच पडते. शिवाय अशा अनेक डिस्कमध्ये एसएमआर ही पद्धत असते. तीत लेखनाच्या वर्तुळाकार पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात, त्यामुळे मधलाच एखादा भाग बदलायचा झाल्यास शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात आणि डीफ्रॅग अतिशय संथ होते. अशी डिस्क खरोखरच विस्कटली असेल तर सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात, त्या तेथे नीट उघडतात याची खात्री करावी, मूळ डिस्क फॉरमॅट करावी आणि फाइली परत आणाव्यात. फाइली एकामागून एक लिहिल्या गेल्यामुळे त्या आपोआप सलग बसतात. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांना एसएसडीचाच नियम लागू होतो : त्यांना डीफ्रॅग करू नये.

एवढे करूनही संगणक मंदच राहिला तर

टास्क मॅनेजर पुन्हा उघडावा. डिस्क सतत १०० टक्के व्यग्र असेल आणि त्याच वेळी मेमरीही ९० टक्क्यांच्या वर असेल, तर दोष तुकड्यांचा नाही. ४ जीबी रॅमवर विंडोज १० आणि ब्राउझरची दहा पाने उघडली की जागा अपुरी पडते, विंडोज मेमरीतील माहिती डिस्कवर ठेवत आणि परत उचलत राहते, आणि ही ये-जा कितीही डीफ्रॅग केले तरी थांबत नाही. रॅम वाढवणे किंवा विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तो एसएसडीवर हलवणे, हेच त्यावरचे उपाय आहेत. माझ्या मते दुसरा उपाय पहिल्यापेक्षाही अधिक जाणवतो.

तसे केल्यावर जुनी हार्ड डिस्क छायाचित्रे आणि चित्रफिती ठेवण्यासाठी डी ड्राइव्ह म्हणून संगणकात राहू शकते. तेव्हा डीफ्रॅगची खिडकी एकदा उघडून मीडिया टाइपच्या रकान्यात सीपुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह आणि डीपुढे हार्ड डिस्क ड्राइव्ह असे दिसते आहे ना, हे पाहावे. दिसत असेल तर चेंज सेटिंग्जमधील चूझ या बटणावर जाऊन दोन्ही ड्राइव्हपुढे खूण राहू द्यावी. सीवर ट्रिम आणि डीवर डीफ्रॅग, ही वाटणी विंडोज स्वतः करते.